मिक्सर सोडून सायकल

आषाढ अर्धा सरला की आमच्या दारात सायकली उलट्या होऊन पडतात. सीट खाली, चाकं वर, आणि प्रत्येकीच्या अंगावर शेरभर चिखल. त्यांच्या मधोमध स्टुलावर आमचे आप्पा, हातात रॉकेलमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश. हल्ली नाशकात डोंगरातून सायकली हाणायचं खूळ आलं आहे. रविवारी पहाटे ही पोरं तंग चड्ड्या घालून निघतात, त्र्यंबकच्या बाजूला जाऊन अंगभर चिखल लावून घेतात आणि मोबाइलवर त्याचे फोटो काढून एकमेकांना दाखवतात. आमच्या वेळी असं माखून घरी गेलं की आई उंबऱ्याबाहेर उभं करून डोक्यावर बादली ओतायची. आता फोटो काढतात. काढा बापडे!

सायकल दुरुस्त झाली की आप्पा ती अशीच देऊन टाकत नाहीत. मालकाला गल्लीतून चालवायला लावतात आणि स्वतः पासष्टी ओलांडलेला माणूस लुंगी सावरत त्याच्या बाजूने पळतो. "पाय थांबवू नका! पाय चालू ठेवा आणि मग खटका दाबा! अहो, थांबलात कशाला?" हे वाक्य आमच्या गल्लीतल्या पोपटालासुद्धा पाठ झालं असेल. सिडकोत नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, हे गृहस्थ जन्मभर सायकलींच्या गिअरमध्येच वाढलेले दिसतात.

मला हसू येतं. कारण ह्याच माणसाने पाच गिअरची सायकल तीन वर्षं एकाच गिअरमध्ये चालवली होती. गिअरच्या खटक्याला घरातल्या कुणी बोट लावायचं नाही असा फतवा होता. का, तर म्हणे, "गिअर झिजतात."

ती सायकल आमच्या घरी आली त्याची गोष्ट आईकडून ऐकावी. सांगताना अजून तिचा आवाज चढतो. आप्पा सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर उभे राहून लोखंड कापायचं, रोज आठ तास, पंचवीस वर्षं. पंचविसाव्या वर्षी कारखान्याने भेट द्यायचं ठरवलं आणि तीन वस्तू पुढे ठेवल्या, भिंतीवरचं घड्याळ, मिक्सर आणि पाच गिअरची सायकल. शहाण्या लोकांनी मिक्सर घेतला. दोघांतिघांनी घड्याळ घेतलं. आमचे आप्पा सायकल हातात धरून घरी आले. आई पाटा-वरवंट्यापाशी बसली होती, मिरच्यांनी हात लाल झालेले. तिने एकदा सायकलीकडे पाहिलं, एकदा आप्पांकडे, आणि म्हणाली, "आता ह्याच्यात खोबरं कुठून घालायचं?"

तेव्हापासून घरात काहीही झालं तरी ते मिक्सरवर येऊन थांबायचं. पाहुणे आले, "मिक्सर घेतला असता तर." मी गणितात नापास होता होता वाचले, "मिक्सर घेतला असता तर." दोघांचा संबंध काय असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

सायकल निळी होती. जाड, खाचांच्या टायरची, हँडल सरळ. नळ्यांना कारखान्यातून आलेलं प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. ते काढायचा प्रश्नच नव्हता. आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक वस्तू मरेपर्यंत निघत नसे. हँडलखाली ॲल्युमिनियमची छोटी पट्टी होती, तिच्यावर आप्पांचं नाव आणि खाली 'पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल'. सायकल पुढच्या खोलीत पाटावर उभी असायची, दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं, आणि कोरड्या रविवारी आप्पा तिच्यावर बसून गणपतीच्या देवळापर्यंत जायचे. पावसाळ्यात तीही चैन बंद. जाऊन आले की फडक्याने आधी पट्टी पुसायची, मग बाकीची सायकल.

मग कारखान्याने माणसं कमी केली. स्वेच्छानिवृत्ती म्हणतात तिला. आप्पा बावन्नाव्या वर्षी घरी बसले. भांडले नाहीत, कुणाला बोल लावला नाही, नुसते बसले. सकाळी सातला भोंगा वाजायचा तेव्हा ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत तयार असायचे. पेपर वाचून झाला की परत पहिल्या पानापासून वाचायचे. वर्षभर हे चाललं होतं. त्यांच्या पंचवीस वर्षांतलं हाताला लागेल असं काही उरलं असेल तर ती पाटावरची सायकल. मला हे वीस वर्षांच्या वयात पक्कं कळत होतं. तरीसुद्धा मी ती नेली, ह्याला काय म्हणावं?

खरं सांगायचं तर मला फक्त एकदा ती चढावर घालून बघायची होती. कॉलेजला जाताना चामर लेण्यापासून अंजनेरीपर्यंत डोंगर हिरवे झालेले दिसायचे, आणि घरी हा डोंगरात जाण्यासाठी जन्मलेला प्राणी प्लास्टिक पांघरून पाटावर उभा. मला त्याची दया यायची. थोडी आप्पांचीही यायची, पण ते बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

संधी आली ती मनमाडच्या साखरपुड्याने. आई-आप्पा शनिवारी सकाळच्या गाडीने जाणार आणि रात्रीच्या जेवणाला परत येणार. घरी मी आणि बंडू. बंडू म्हणजे माझा आतेभाऊ, सटाण्याचा. आयटीआय करायला आमच्याकडे राहिला होता. माझ्याहून वर्षाने लहान, पण आत्मविश्वास घराण्यातल्या सगळ्यांचा मिळून त्याच्या एकट्याकडे. कुठलीही अडचण सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं: "मी शे ना!" सटाण्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात. आमच्या घरातलं प्रत्येक संकट ह्या तीन शब्दांनी सुरू झालेलं आहे.

"बंड्या, चिखल लागला तर?" मी विचारलं.

"ताई, मी शे ना! आमच्याकडं कांद्याच्या चाळीत पावसाचा थेंब जाऊ देत नाही. ही तर एवढीशी सायकल."

त्याने खताच्या रिकाम्या गोण्यांची आतली प्लास्टिकं काढली आणि मूळच्या प्लास्टिकवरून सगळी सायकल गुंडाळली. दांडा, चिमटा, चेनचं आवरण, सगळं. वरून सुतळी. फक्त चाकं, सीट, पॅडल आणि हँडलची टोकं उघडी. झाल्यावर दोन पावलं मागे सरून त्याने बघितलं आणि म्हणाला, "आता चिखल लागंल तो प्लास्टिकला. सायकलला काय संबंध?" मला ते पटलं. गणिताची विद्यार्थिनी मी, आणि मला ते पटलं!

बंडूकडे आप्पांची जुनी काळी बावीस इंची. निघालो. सातपूर मागे पडलं तसा बारीक पाऊस धरला. तो पडत नव्हता, नुसता हवेत होता. प्लास्टिकची फडफड इतकी होत होती की कुत्री मागे लागायची आणि जवळ आल्यावर घाबरून थांबायची. अंजनेरीचं डोकं ढगात गेलेलं. रस्त्याकडेला मक्याची कणसं भाजणाऱ्यांचा धूर, ओल्या लाकडाचा वास, कडेच्या चरातून लाल पाणी धावतंय. मी गाणी म्हणत होते. बंडू पुढून ओरडत होता, "चाल व ताई!" खटक्याला हात लावला नव्हता हं. आप्पांचा शब्द मी अजून तरी मोडलेला नव्हता.

त्र्यंबकच्या अलीकडे डावीकडे पहिन्याचा फाटा लागतो. तिथून पुढे डोंगर अंगावर येतात. ज्या कड्यांवर उन्हाळ्यात नुसता काळा दगड असतो तिथून दहा ठिकाणी पाणी लोंबत होतं. त्यातला एक धबधबा बंडूच्या मनात भरला. डांबरी रस्ता सोडून खाली बैलगाडीची वाट जात होती.

"ही वाट सरळ तिथंच जाते," बंडू म्हणाला.

"तुला कसं माहीत?"

"मी शे ना!"

वाट थोडं अंतर सरळ गेली, मग एका सपाट, चकाकत्या पाण्यापाशी संपली. पलीकडच्या बांधावर ती परत दिसत होती. बंडू म्हणाला डबकं आहे, जोरात घाल, निघून जाशील. आता सटाण्याच्या माणसाने भाताचं खाचर कधी बघितलेलं नसतं हे मान्य, पण मी तरी बघायला हवं होतं. मी जोर घेतला आणि भातलावणीसाठी नांगरून, तुडवून, लोण्यासारखा केलेल्या चिखलात आप्पांची पंचवीस वर्षं घातली.

पडले म्हणवत नाही. पडायला वेग लागतो. सायकल चार हात गेली, मग रुतली, मग थांबली, आणि मी सीटवर बसल्या बसल्या डावीकडे कलत गेले. कलताना मला बरंच काही दिसलं. पलीकडे ओणवून रोप लावणाऱ्या सात-आठ बाया, त्यांच्या पाठीवरची पानांची इरली, त्यांचे माझ्याकडे वळलेले चेहरे. मग कानात चिखल गेला.

बाया इतक्या हसल्या की दोघी चिखलातच बसल्या. त्यांच्यातली वयाने मोठी, सोमीबाय, जवळ आली. तिने आधी मला ओढून काढलं, मग सायकलीकडे बघितलं. गोण्यांचं प्लास्टिक, सुतळी, वर चिखल.

"काय गं पोरी, सायकल आजारी हाय का? गोधडी पांघरलीया तिला."

मी रडायला लागले. खोटं कशाला सांगू, भोकाड पसरलं. ही सायकल माझी नाही, वडिलांची आहे, त्यांच्या कामाची आठवण आहे, त्यांना कळलं तर ते रागावणार नाहीत, काहीच बोलणार नाहीत, आणि तेच मला बघवणार नाही, असं सगळं मी त्या अनोळखी बाईला हुंदके देत सांगितलं. बंडू मागे उभा राहून म्हणाला, "ताई, रडू नको, मी..." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचे दोन शब्द गिळले.

सायकल उचलून ओहोळावर नेली. सुतळी कापली, प्लास्टिक सोडलं. आणि काय सांगू! चिखल बाहेर राहणार होता ना? तो वरच्या तोंडातून आत शिरला होता आणि खालून निघायला वाट नव्हती. एकेक नळी भरल्या वांग्यासारखी भरलेली. बंडूच्या प्लास्टिकबरोबर कारखान्याचं मूळ प्लास्टिकही फाटून हातात आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्या सायकलीचा निळा रंग नागडा बघितला. पट्टीवरचं नाव दिसत नव्हतं. मी ओढणीने आधी ती पुसली.

बायांनी भाताच्या पेंढ्याने सायकल घासून दिली. पण सुटका इतक्यात होणार नव्हती. त्यांच्याकडची रीत अशी की आवणीच्या दिवसांत, म्हणजे भात लावायच्या दिवसांत, लावायच्या शेतातून जो वाट काढतो त्याने एक ओळ लावून जायचं. नाहीतर त्या वाटेने पीक वाकडं जातं. मग आम्ही दोघं गुडघाभर चिखलात. रोपाची जुडी डाव्या हातात, उजव्या अंगठ्याने तीन-चार काड्या दाबायच्या, मागे सरायचं. पाण्याखालचा चिखल कोमट होता, वरून पाऊस गार. पोटऱ्यांना काहीतरी गुदगुल्या करून जायचं. माझी ओळ सापासारखी गेली. बंडूची तर बांधाकडे निघाली होती ती मध्येच विचार बदलून परत फिरली.

नंतर कुडाच्या घरात, धुरात बसून नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी खाल्ली. इतकी चव मला नंतर कुठल्या हॉटेलात लागलेली नाही. निघताना सोमीबायने रोपाची एक जुडी सुतळीने माझ्या कॅरिअरला बांधली.

"ही कशाला?"

"तुजी वळ झाली, त्याची झाली. सायकल बी गेलीया शेतातून. तिच्या मालकाची राहिली ना? त्याला म्हनावं, ये आन लाव."

मी मनात म्हटलं, मालकाला आणते! मालकाला कळलं तर मी घरात तरी राहीन का?

वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत खडा चढ होता. मी उतरून सायकल ढकलू लागले. सोमीबाय डोक्यावर इरलं घेऊन रस्त्यापर्यंत सोडायला आली होती. तिने खटक्याकडे बोट दाखवलं.

"ह्ये कशाला असतं?"

"चढ चढायला."

"मंग चढ की."

"आप्पा म्हणतात, वापरलं की झिजतं."

सोमीबाय थांबली. "मंग तू चालू बी नगं. पाय झिजतील."

बंडू खो खो हसला. मला राग आला, सोमीबायचा नाही, आप्पांचा नाही, असाच. मी सायकलीवर बसले, पॅडल मारत मारत चढाला लागले, आणि पाय जड होऊन थांबणार एवढ्यात अंगठ्याने खटका ओढला. कुठेतरी 'कट्' झालं आणि पायाखालचा डोंगर हलका झाला. मी अक्षरशः ओरडले. पाय फिरत होते, सायकल चढत होती, दोन्हीकडे पाणी उलटं वाहत होतं आणि मी वर निघाले होते! अशी गंमत तीन वर्षं आमच्या पाटावर उभी होती आणि आम्ही तिला हळदकुंकू वाहत होतो. मला त्या क्षणी आप्पांना हाक मारून दाखवावंसं वाटलं. त्यांनाच, बाकी कुणाला नाही.

वर पोचल्यावर खटका मागे ढकलला. तो हलला नाही. बंडूने ढकलला. दगडाने हळूच ठोकला. चिखल आत जाऊन बसला होता, सायकल पहिल्या गिअरमध्ये अडकली होती आणि घर तीस किलोमीटर, बहुतेक सगळं सपाट.

ज्यांनी पहिल्या गिअरमध्ये सपाट रस्ता कापलेला नाही त्यांना हे समजणार नाही. पाय शिलाईच्या मशीनसारखे फिरतात आणि सायकल जागची हलते न हलते. बंडू पुढे जायचा, टपरीवर चहा प्यायचा, आणि मी यायच्या आत दुसरा सांगायचा. एक म्हातारबाबा छत्री घेऊन चालत होते, ते बराच वेळ माझ्या बरोबरीने आले.

"कुठं निघालीस?"

"सिडकोत."

"मग पाय येवढे का हलवती?"

थोड्या वेळाने ते "चल, येतो मग" म्हणून पुढे निघून गेले. पायी!

शहरात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सिडकोकडे वळताना एक बस चिखल उडवत शेजारून गेली. मी मान वर केली नाही, मान वर करायचीही ताकद नव्हती. घरी येऊन नळाखाली सायकल धुतली, पुसली, पाटावर उभी केली. राहिला प्रश्न प्लास्टिकचा. बंडूने आईच्या कपाटातली एक पिशवी कापली, नळ्यांना गुंडाळली, चिकटपट्टी लावली. मी रोपाची जुडी मोरीजवळ पातेल्यात पाणी घालून ठेवली. फेकवेना.

आई-आप्पा बऱ्याच उशिरा आले. आईच्या हातात कोथिंबिरीची एक जुडी होती आणि कपाळावर आठ्या. "तुझ्या वडिलांनी मनमाडहून आल्यावर मला तासभर भाजीबाजारात फिरवलं. घेतलं काय, तर ही कोथिंबीर! पाय गेले माझे." आप्पांनी सायकलीकडे एकदा पाहिलं आणि झोपायला गेले.

रविवारी सकाळी आईने चहा आणला. आप्पांनी घोट घेतला आणि कपात बघत बसले.

"कसला चहा हा?"

"गवती चहा घातलाय. मोरीपाशी होता पातेल्यात. पण मेल्याला वासच नाही! ह्याला काय कीड लागली का?"

आईने सोमीबायच्या जुडीतला मूठभर भात उकळला होता. बंडू उठून बाहेर जायला निघाला.

"बस," आप्पा म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी पाटावरच्या सायकलीकडे हात केला. दांड्यावर, बरोब्बर डोळ्यांसमोर, लाल अक्षरांत दिसत होतं: 'शालू, पैठणी, नऊवार. एक वेळ अवश्य भेट द्या.'

मी सगळं सांगून टाकायला तोंड उघडलं, पण आप्पाच बोलले.

"काल बसमधून बघितलं तुला. पाय गरागरा फिरत होते आणि सायकल मुंगीसारखी. म्हणजे गिअर पडलेला होता." ते पुढे वाकले. "नंदे, कसा पाडलास?"

मला आधी कळलंच नाही की हा प्रश्न आहे. मला वाटलं ओरडायची सुरुवात आहे.

"चालवता चालवता खटका ओढला, आप्पा."

"चालवता चालवता?" आप्पा खुर्चीत सरळ झाले. "चालू मशीनवर?"

मग त्यांनी सांगितलं. सायकल मिळाली त्याच दिवशी त्यांनी गिअर टाकून बघितला होता. पण लेथवर पंचवीस वर्षं एकच नियम, मशीन पूर्ण थांबल्याशिवाय गिअर बदलायचा नाही. नव्या पोरांना त्यांनी हेच शिकवलेलं, एकदोघांना त्यासाठी थोबाडीतही दिलेली. म्हणून ते थांबले, खाली उतरले, खटका ओढला, परत बसले. सायकल कडाकडा वाजली, चेन खाली पडली. हाताने ढकलत आणली. त्यांना वाटलं, मोडली.

"दुकानात विचारायचं की," आई म्हणाली.

"टर्नरला गिअर टाकता येत नाही म्हणाले असते." आप्पा कपाकडे बघत म्हणाले. "आणि तू म्हणाली असतीस, मिक्सर घेतला असता तर."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मला पट्टीवरचं नाव दिसत होतं, आणि तो भाजीबाजारातला तास आठवत होता. आम्हाला सायकल धुवायला वेळ मिळावा म्हणून हा माणूस साखरपुड्याच्या कपड्यांत मेथी-पालकाचे भाव विचारत फिरला होता. मला रडू आवरेना, आणि तोंडात तो भाताचा चहा.

त्या दुपारी आप्पांनी सायकल उलटी केली. तार सोडवली, रॉकेलमध्ये धुतली, तेलाचा थेंब दिला. हात असे चालत होते जसे कधी थांबलेच नव्हते. आई पातेल्यातली उरलेली रोपं दोन बोटांत धरून म्हणाली, "आता ह्याचं काय करायचं?" मी मालकाच्या राहिलेल्या ओळीचं सांगितलं.

"मग लावायला पाहिजे," आप्पा म्हणाले. "आपल्यामुळे कुणाचं पीक वाकडं नको."

सोमवारीच गेलो. रविवारची वाट बघायची आप्पांना गरजच नव्हती, हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं आणि ते स्वतःशी हसले. खाचरात पँट गुडघ्यावर दुमडून उभे राहिले, एक डोळा मिटून समोरचा बांध बघितला, आणि ओळ लावली. दोऱ्याने आखावी तशी सरळ. सोमीबाय कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "आता समदं शेतच लावून जा की," ती म्हणाली.

परतताना तो चढ आला. मी काळी सायकल ढकलत पुढे जाऊन वर थांबले होते. आप्पा खालून येत होते, अंगावर चिखल, टकलावर चिखल. चढ सुरू झाला तसा त्यांचा वेग कमी झाला आणि मला दिसलं की त्यांचा डावा पाय सवयीने पॅडलवरून सुटतोय, ते थांबणार आहेत, उतरणार आहेत.

"आप्पा, थांबू नका!" मी जीव खाऊन ओरडले. "पाय चालू ठेवा! आता ओढा!"

पाय घुटमळला. परत पॅडलवर गेला. अंगठा हलला. 'कट्' आवाज मला वर ऐकू आला नाही, पण त्यांचा चेहरा दिसला. पहिल्या पगाराच्या दिवशी तो तसा दिसला असेल. ते माझ्यापाशी आले आणि थांबलेच नाहीत, "सरक, सरक!" म्हणत पुढे निघून गेले. वळणापर्यंत मला त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

घरी पोचलो तेव्हा आई दारात होती. आप्पांनी सायकल भिंतीला टेकवली. दांड्यावरची पैठणी लोंबत होती, ती त्यांनी ओढून काढली आणि बाकीच्या प्लास्टिकसकट चुरगळून आईच्या हातात दिली. पट्टी चिखलाने भरली होती, ती तशीच राहिली. आईने डोक्यापासून पायापर्यंत त्यांना बघितलं.

"अहो, मिक्सर घेतला असता तर..." ती म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं. मग तिने आप्पांना उंबऱ्याबाहेरच उभं केलं आणि त्यांच्या डोक्यावर बादली ओतली.